शुगर उगाच ३०० वर अडकलीय? टाइप वनमध्ये काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

टाइप वनला, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही त्या डायबिटीसला, बरीच वर्षं झाली की हे कधी ना कधी होतंच. डबा तोच, युनिट तेच, झोपायची वेळ तीच, आणि तरी शुगर दोन-तीन दिवस २८०, ३१०, ३४० अशी वर जाऊन बसते, करेक्शन, म्हणजे चढलेली शुगर उतरवायचं जादा इन्सुलिन, घेतलं तरी जागची हलत नाही. आणि घरातून पहिला प्रश्न येतो तो "काय खाल्लंस?" हाच. नवऱ्याचा, सासूबाईंचा, कधी कधी ओपीडीत डॉक्टरांचासुद्धा. मला शाळेत असताना टाइप वन झाला, आता माझी मुलगी कॉलेजात आहे, आणि हा प्रश्न ऐकून रडवेल्या झालेल्या इतक्या पोरींशी आजवर बोललेय की एकदा नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की कारण सापडत नाही अशी हाय शुगर आली तर खाण्याकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी आकडा खरा आहे का, मग किटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून रक्तात साठणारं आम्ल), मग इन्सुलिन, मग टोचायची जागा, मग दिवसातली वेळ, मग शरीरात दुसरं काही चाललंय का, आणि मग ताट. कारण वरच्या बऱ्याच गोष्टी घरच्या घरी पटकन तपासून होतात, त्यातली एखादी जिवावर बेतू शकते, आणि जेवण कमी करून त्यातली एकही सुटत नाही. उलट इन्सुलिन खराब झालंय आणि वर माणूस उपाशी राहतोय असं झालं की किटोन जास्तच वाढतात.

आणि हो, डोस किती वाढवायचा ते इथे लिहिणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांशीच ठरवा. मी फक्त काय शोधायचं ते सांगतेय.

पहिलं, आकडा खरा आहे का

हात साबणाने धुवा, पुसून कोरडे करा, दुसऱ्या बोटातून परत तपासा. उन्हाळ्यात घराघरात आंब्याचा रस काढणं चालू असतं, बोटाला नुसता ओलसर रस लागलेला असला तरी मीटर भलताच आकडा दाखवतं, आणि सॅनिटायझर लावून साखर निघत नाही, पाणीच लागतं. स्ट्रिपची तारीख बघा. डबीचं झाकण पावसाळ्यात उघडं राहिलं तर दमट हवेने स्ट्रिप बिघडतात, म्हणून त्या काढून दुसऱ्या छोट्या डबीत भरून नेऊ नका. चांगलं मीटरसुद्धा १५ टक्क्यांपर्यंत इकडे तिकडे दाखवू शकतं हे धरून चाला, म्हणजे २६० आणि २८० हा फरक मनाला लावून घ्यायचा नाही. सेन्सर, म्हणजे कातडीवर चिकटवून सतत शुगर दाखवणारं यंत्र, लावला असेल तर तो रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो, आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या मोठ्या डोसमध्ये चालू असतील तर काही सेन्सर खोटेच जास्त आकडे दाखवतात. शंका आली की बोटातून बघा.

दुसरं, किटोन. हे टाळायचं नाही

शुगर २५० च्या वर आणि करेक्शन घेऊनही उतरत नसेल, किंवा उलटी, मळमळ, पोटदुखी असेल तर किटोन तपासायचेच. लघवीच्या किटोन स्ट्रिप मोठ्या मेडिकलमध्ये मिळतात, फार महाग नसतात, एक डबी घरात कायम ठेवा. लघवीत दिसतं ते थोडं जुनं असतं, काही तासांपूर्वीचं. रक्तातले किटोन मोजायचं मीटर असेल तर उत्तम. त्यात ०.६ च्या खाली ठीक, ०.६ ते १.५ म्हणजे लक्ष ठेवा आणि तासा-दोन तासांनी परत बघा, १.५ च्या वर गेलं की डॉक्टरांना लगेच फोन, आणि ३ किंवा त्याच्या वर म्हणजे सरळ हॉस्पिटल.

पोटात पाणीसुद्धा थांबत नाही, सारखी उलटी होतेय, श्वास खोल आणि भरभर चाललाय, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय, माणूस गुंगीत जातोय, यातलं काहीही दिसलं तर आकड्याची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचं आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठा. संध्याकाळच्या वेळी हिंजवडीहून किंवा हडपसरहून शहराच्या मध्यात यायला किती वेळ लागतो ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको, त्यामुळे नेहमीचे डॉक्टर कोथरूडला बसत असले तरी रात्री-बेरात्री आपल्या भागात कुठे जायचं हे आजच ठरवून घरच्यांना सांगून ठेवा. आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य "टाइप वन आहे" हे. नुसतं "शुगर आहे" म्हटलं की लोक टाइप टू समजतात आणि घाई कमी होते.

आपल्याकडे एक गोष्ट फार प्रेमाने सांगितली जाते, "जेवली नाहीस ना, मग इन्सुलिन नको घेऊस आज." आजी सांगते, शेजारच्या काकू सांगतात. टाइप वनमध्ये हे अजिबात चालत नाही. जेवण नसलं तरी बेसल, म्हणजे ते दिवसभर पुरणारं इन्सुलिन, लागतंच, आणि तापात तर एरवीपेक्षा जास्तच लागू शकतं. जेवणाच्या डोसचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा पण बेसल बंद करायचं नाही. किटोन असतील तेव्हा पाणी भरपूर प्या, आणि "जरा चालून येते, उतरेल" हेही करू नका, त्या वेळी व्यायामाने किटोन आणखी वाढतात.

तिसरं, इन्सुलिन

किटोन नाहीत किंवा आटोक्यात आहेत, मग जरा शांतपणे फ्रिज उघडा. उघडलेली बाटली किंवा पेन कधी चालू केलं ते आठवतंय का? बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर साधारण ४ आठवडेच चांगली राहतात, काही थोडी जास्त, कागदावर लिहिलेलं असतं. उघडल्या दिवशी मार्करने तारीख टाका, बाटलीवरच. न उघडलेलं २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, पण फ्रीजरच्या खाली चिकटून किंवा मागच्या भिंतीला टेकवून नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी गेलं, ते टाकूनच द्यायचं. दाराच्या कप्प्यात ठेवा.

पुण्याचा एप्रिल-मे आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, पारा ४० पर्यंत जातो, आणि तेव्हा पार्किंगमध्ये उन्हात उभ्या असलेल्या स्कूटीच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर पेन राहिलं तर दिसायला तसंच्या तसं स्वच्छ दिसतं पण काम करत नाही. हेच फसवं आहे. बिघडलेलं इन्सुलिन प्रत्येक वेळी गढूळ होत नाही. म्हणून शंका आली की वाद घालत बसायचं नाही, नवीन काढायचं. महाग आहे, मला माहितीय, पण एका रात्रीच्या आयसीयूपुढे काहीच नाही. लाइट वारंवार जात असेल किंवा प्रवासात असाल तर मोठ्या मातीच्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं आणि त्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं, हा उपाय कोरड्या उन्हाळ्यात खरंच चालतो.

दुधाळ दिसणारं इन्सुलिन असेल, एनपीएच किंवा ३०/७० मिक्स, तर ते दोन तळव्यांमध्ये हलकेच फिरवून एकसारखं करावं लागतं, किमान दहा वेळा तरी, तळाशी पांढरा थर राहिला तर एका दिवशी जास्त जातं आणि दुसऱ्या दिवशी कमी.

आता सिरिंज. यावर मी जरा थांबणारे कारण इथे माणसं फसतात. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा ४० चं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि पेनमधलं १०० चं. ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला नारिंगी टोपीची. माझ्या ओळखीच्या हडपसरच्या एका ताईंची शुगर काही केल्या उतरेना, डबे बदलले, भात बंद केला, वजन उतरत चाललं. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा सहज ट्रेमध्ये बघितलं तर बाटली ४० ची आणि सिरिंजची टोपी नारिंगी. मेडिकलवाल्याने लाल संपली म्हणून ती दिली होती, "एकच असतंय ताई" म्हणून. आता हिशोब बघा, नारिंगी सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत ४० चं इन्सुलिन भरलं तर अंगात जातात ८ युनिट. रोज निम्म्यापेक्षाही कमी डोस, आणि भात बिचारा विनाकारण बंद. उलटं झालं, म्हणजे लाल सिरिंजमध्ये १०० चं भरलं, तर अडीचपट डोस जातो आणि माणूस लो होऊन, म्हणजे शुगर फार खाली जाऊन, बेशुद्ध पडू शकतो. त्यामुळे प्रत्येक खरेदीला बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग दोन्ही जुळवा, तिथेच काउंटरवर, लोक रांगेत उभे असले तरी.

पेन असेल तर टोचण्याआधी २ युनिट हवेत सोडून बघा, सुईच्या टोकाला थेंब दिसला पाहिजे. दिसला नाही तर परत. बटण पूर्ण दाबल्यावर मनात दहापर्यंत मोजून मगच सुई बाहेर काढा. पंपवाल्यांनी (ज्यांना अंगावरच्या यंत्रातून सतत इन्सुलिन जातं) कॅन्युला, म्हणजे कातडीत बसवलेली बारीक नळी, आधी बदलायची, विचार नंतर, कारण पंपात लांब टिकणारं इन्सुलिन नसतंच, नळी वाकली की काही तासांत किटोन वाढायला लागतात. आणि हे करेक्शन पंपातून नाही, पेनने घ्यायचं.

आणि बेसल घेतलं का नाही हे आठवत नाही, असंही होतं, वर्षानुवर्षं रोज तेच करताना होणारच. कॅलेंडरवर टिक करा. आठवत नसेल तर अंदाजाने परत घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

चौथं, टोचायची जागा

जुन्या टाइप वनवाल्यांमध्ये न कळणाऱ्या हाय शुगरचं हे फार मोठं कारण आहे आणि ओपीडीत पोटावरचा कुर्ता वर करून कोणी बघतच नाही. बेंबीच्या उजव्या-डाव्या बाजूला, जिथे हात सहज जातो तिथेच आपण वर्षानुवर्षं टोचतो, तिथे कातडीखाली चरबीच्या गाठी होतात. तिथे टोचलं की दुखत नाही, म्हणून आणखी तिथेच टोचलं जातं. पण त्या गाठीतून इन्सुलिन धड शोषलं जात नाही, आज अर्धं, उद्या उशिरा, परवा एकदम सगळं.

डोळ्यांनी बघून कळेलच असं नाही, हाताने शोधावं लागतं. आंघोळीला गेलात की पोटाला साबण लावा, बोटं एकत्र जुळवून हलकं दाबत बेंबीपासून कडेपर्यंत सरकवत न्या. चांगली जागा मऊ लागते, चिमटीत पातळ पकडता येते. गाठ असेल तर बोटाला घट्ट, किंचित रबरी लागते, थोडी उंच, कडा कळते, आणि चिमटीत धरायला गेलं तर जाडसर उचलली जाते. मांड्या, दंड, जिथे जिथे टोचता तिथे सगळीकडे असंच करा. सापडली की लिहायच्या पेनाने गोल काढा आणि त्या गोलात काही महिने टोचायचं नाही, हळूहळू ती बसते.

पण इथे एक धोका आहे, नीट वाचा. गाठीत टोचून टोचून डोस वाढत गेलेला असतो. तोच डोस चांगल्या जागी घेतला तर सगळा अंगात पोचतो आणि शुगर धाडकन खाली येते. म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला, बहुतेक वेळा डोस कमी करून सुरुवात करतात, आणि पहिले काही दिवस जास्त वेळा तपासायचं, खिशात ग्लुकोज ठेवायचं. पुढे गाठी होऊ नयेत म्हणून प्रत्येक टोचणी मागच्या टोचणीपासून बोटभर लांब, आणि सुई रोज रोज तीच वापरायची नाही. ४ मिमीची सुई बहुतेक सगळ्यांना पुरते.

पाचवं, नेमकी कुठल्या वेळी चढते

तीन-चार दिवस लिहून काढा, सेन्सर असेल तर ग्राफ बघा. रात्री झोपताना १४०, पहाटे तीनला १४०, आणि उठताना २२० असेल तर पहाटे शरीर स्वतःच कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन सोडतं त्याचा परिणाम आहे, तुमचं काही चुकलेलं नाही. रात्री लो होऊन सकाळी आपोआप हाय येते असं पूर्वी सरसकट सांगायचे, सेन्सर आल्यापासून दिसतं की बऱ्याच जणांच्या बाबतीत रात्री लो झालेलीच नसते, म्हणून अंदाजाने बेसल कमी करू नका, दोन-तीन रात्री तीनचा गजर लावून तपासा. लो झाल्यावर घाबरून डबाभर ग्लुकोज खाल्लं म्हणून सकाळी हाय, ही मात्र वेगळी गोष्ट आणि ती होते.

बेसल रात्री ९ ला घेता आणि रोज संध्याकाळी ५-६ नंतर चढायला लागते? मग ते इन्सुलिन तुमच्या अंगात पूर्ण २४ तास पुरत नसण्याची शक्यता आहे, काहींना ते दोन भागांत द्यावं लागतं. जेवणानंतरच चढत असेल तर टोचून किती वेळाने जेवता ते बघा, साध्या रेग्युलर इन्सुलिनला अर्धा तास लागतो, नवीन रॅपिड, म्हणजे झटपट लागू होणाऱ्या इन्सुलिनवाल्यांनाही १५ मिनिटं आधी घेतलं तर फरक दिसतो.

सहावं, शरीरात दुसरं काही चाललंय का

ताप, सर्दी, डेंगी हे कळतं. न कळणारं असतं ते म्हणजे दाढ, हिरड्या, लघवीचं इन्फेक्शन, पायाच्या बोटांच्या बेचक्यातली जखम. दुखत नाही म्हणजे नाही असं नसतं, जुन्या डायबिटीसमध्ये पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून रोज पाय बघा, तळवे आरशात.

औषधं आठवा. जुन्या डायबिटीसवाल्यांना फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडणं, फार होतो, खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की पुढचे काही दिवस शुगर वर राहते, आठवडाभर किंवा जास्तसुद्धा. इंजेक्शन घेऊ नका असं नाही, फक्त आधीच शुगरच्या डॉक्टरांना सांगून तयारी ठेवा. दम्याच्या, त्वचेच्या गोळ्यांमध्येही स्टेरॉइड असतं. सांधेदुखीवर "जडीबुटी" म्हणून बिनलेबलच्या पुड्या मिळतात, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, त्या घेऊच नका. खोकल्याचं गोड सिरप, च्यवनप्राश, आसव-अरिष्टं यांत साखर-गूळ असतो, तोही धरा.

बायकांनो, पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस बघा. बऱ्याच जणींची शुगर तेव्हा नेहमीपेक्षा जास्त करेक्शन घेतलं तरी उतरत नाही आणि पाळी आली की एकदम लो. तारखा लिहून दाखवा, त्या दिवसांचा वेगळा डोस ठरवता येतो. पाळी जायच्या वयात तर सगळंच काही काळ अनियमित होतं. थायरॉइड जास्त काम करत असेल तरीही शुगर चढते, टाइप वनमध्ये थायरॉइडचा त्रास बराच आढळतो, वर्षातून एकदा तपासणी करून घ्या. आणि एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, एकदम जास्त आली पण रोजचे आकडे तसे नाहीत, असं असेल तर हिमोग्लोबिन बघा, लोह कमी असलं की एचबीएवनसी फसवी जास्त दिसू शकते.

ताणाचंही तसंच आहे. परीक्षा, नोकरी जायची भीती, घरात कोणी आयसीयूत. हा बहाणा नाही, ताणात जी हार्मोन्स वाढतात ती शुगर खरंच चढवतात.

मग पोट. खूप वर्षांच्या डायबिटीसमध्ये पोट रिकामं होण्याचा वेग मंदावू शकतो. थोडं खाल्लं की गच्च वाटतं, सकाळी ढेकरेत रात्रीच्या जेवणाची चव येते, जेवल्यावर दोन तासांनी लो आणि मग पाच तासांनी २९०. हे ओळखायचं चिन्ह म्हणजे हा उलटा क्रम. इन्सुलिन आधी पोचतं, जेवण नंतर. याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात, तपासणी आहे, उपचार आहेत, आणि अशांनी इन्सुलिन जेवणाच्या आधी घ्यायचं का नंतर हे डॉक्टरांशी नव्याने ठरवावं लागतं.

आता ताट

इथपर्यंत काही सापडलं नाही तरच. गोड सगळ्यांना माहितीय, न दिसणारं सांगते. तर्रीवाली मिसळ, पनीर, पिझ्झा, बिर्याणी, तेल-तूप जास्त असलेलं काहीही, याने शुगर जेवल्या जेवल्या नाही तर तीन ते सहा तासांनी चढते, रात्री दहाला खाल्लं तर मध्यरात्रीनंतर. चतुर्थीची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, वर शेंगदाणे आणि तूप, ती आधी पण चढवते आणि नंतर पण. खायचीच नाही असं मी म्हणणार नाही, वाटी मोजा आणि दोन भागांत इन्सुलिन घ्यायचं का ते विचारून ठेवा.

पर्वती किंवा सिंहगड जोरात चढलात तर वर पोचल्यावर शुगर वाढलेली दिसू शकते, ॲड्रेनलिनमुळे. तेव्हा मोठं करेक्शन घेऊ नका, कारण त्याच रात्री स्नायू साखर परत ओढून घेतात आणि झोपेत लो होते.

करेक्शनवर करेक्शन नको

३२० बघून डोकं फिरतं आणि तासाभरात परत टोचावंसं वाटतं. रॅपिड इन्सुलिन तीन ते पाच तास काम करतं, रेग्युलर सहा ते आठ. आधीचं अंगात असताना वर दुसरं, तिसरं घेतलं की सगळी एकदम लागू पडतात, आणि रात्री दोनला घामाने भिजून उठायची वेळ येते. किटोन नसतील तर मधे तीन-चार तास जाऊ द्या. तुमचं एक युनिट शुगर साधारण किती उतरवतं हा आकडा डॉक्टरांकडून काढून घ्या आणि फोनमध्ये लिहून ठेवा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बाटली, जागा आणि डोस तिन्ही एकदम बदललं तर कशाने उतरली ते कळणार नाही.

डॉक्टरांकडे जाताना

नवीन बाटली, चांगली जागा, बरोबर सिरिंज, एवढं करून दोन-तीन दिवसांत उतरत नसेल तर अपॉइंटमेंटची तारीख लांब असली तरी फोन करा. पुण्यात ससूनला चोवीस तास इमर्जन्सी असते, रास्ता पेठेतल्या केईएममध्ये डायबिटीसचं वेगळं युनिट आहे, बाकी आपले नेहमीचे एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन आणि डायबिटीसचे डॉक्टर) आहेतच. जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. चालू बाटली किंवा पेन, वापरात असलेली सिरिंज, मीटर, आठवडाभराचे आकडे वेळेसकट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि काढे, पाळीच्या तारखा, हे सगळं एका पिशवीत. आणि आत गेल्यावर स्वतःहून सांगा, "डॉक्टर, पोटावरच्या टोचायच्या जागा एकदा हाताने तपासून बघता का?"